तांबीचं ताट : घरच्या खाण्याच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

आमच्या कुत्रीचं, तांबीचं खाणं बदलायचं ठरलं, म्हणून ही वही. तांबी कारवानी या सडपातळ शिकारी जातीच्या रक्ताची आहे. मंगळवेढ्याकडे मामांच्या शेतावर जन्मली, सोलापूर शहरातल्या जुळे सोलापूर भागात आमच्याकडे वाढली. वय चार वर्षं, वजन १६ किलो, नसबंदी झालेली. तपासताना डॉक्टरांनी तिच्या मांडीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरगड्या दिसतात ते जातीचंच आहे, पण मांडीला मांस कमी आहे. केसही राठ झालेत. खायला काय घालता?" आई म्हणाली, दूध-भाकरी. "मग एकतर पूर्ण आहाराचं पाकीट आणा, नाहीतर घरचंच द्या, पण हिशोबाने द्या."

आईला पाकिटातलं नको आहे. हिशोब असेल तर मलाही घरचंच आवडेल.

आधी आहे ते ताट तपासलं. दिवसाला तीन भाकरी आणि पाव लिटरला थोडं कमी गाईचं दूध. भाकरीला साधारण ७५ ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे ज्वारी २२५ ग्रॅम. दोन्ही मिळून ९०० कॅलरीच्या आसपास जातात. पोट भरायला एवढं पुरे. पण प्रथिनं भरतात २९ ग्रॅम. अमेरिकेतली आफको ही संस्था कुत्र्याच्या आहाराची जी किमान पातळी मानते, ती मोठ्या कुत्र्यासाठी दर १००० कॅलरीमागे ४५ ग्रॅम आहे. तांबीच्या वाट्याला निदान ४० तरी यायला हवीत. कॅल्शियम हवं १.१ ग्रॅमच्या वर, आणि दूध धरूनही मिळतं जेमतेम ०.३ ग्रॅम. जस्त तर पाव वाट्याला. चार वर्षं ती एकदाही उपाशी राहिलेली नाही, तरी मांडी का भरली नाही, याचं उत्तर या चार आकड्यांत आहे.

९ जानेवारी

रोज किती कॅलरी, यासाठी पशुवैद्यक सर्रास वापरतात ते सूत्र: वजनाचा पाऊण घात गुणिले ७०. साध्या कॅल्क्युलेटरवर करायचं तर वजन तीनदा गुणायचं आणि दोनदा वर्गमूळ काढायचं. १६ × १६ × १६ म्हणजे ४०९६, त्याचं वर्गमूळ ६४, त्याचं ८. आठ सत्ते ५६, म्हणजे ५६० कॅलरी. ही नुसतं पडून राहिलेल्या कुत्र्याची गरज. नसबंदी झालेल्या, रोज हिंडणाऱ्या कुत्र्याला याच्या १.६ पट धरतात, म्हणजे तांबीला ८९६. हा आकडा सुरुवातीपुरता. पुढे वजनकाटा आणि बरगड्यांवरचा हात सांगेल तसा तो हलवायचा.

१३ जानेवारी, भोगी

सिद्धेश्वराच्या यात्रेमुळे घर पाहुण्यांनी भरलंय. आक्का सकाळीच ओट्याशी आली आणि म्हणाली, "तिला काय खाऊ घालूलालीस गं एवढं मोजून मापून? आपल्यातलंच दे की."

आपल्यातलं का नाही, ते आज सविस्तर लिहून ठेवते. घरात येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावं लागणार आहे.

सोलापूरचा कांदा बाजार केवढा मोठा! आपल्या घरात कांदा-लसणाशिवाय फोडणी पडत नाही. कुत्र्याच्या रक्तात मात्र याच दोन वस्तू घात करतात. त्यांच्यातली गंधकाची संयुगं तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला इजा करतात आणि त्या पेशी फुटत जातात. वजनाच्या ०.५ टक्क्याहून जास्त कांदा पोटात गेला तर धोका धरतात. तांबीसाठी ते ८० ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचा एक कांदा. शिजवल्याने, वाळवल्याने किंवा पूड केल्याने तो निरुपद्रवी होत नाही. लसूण वजनाला वजन कांद्याहून तेज. आणि फसवं असं की लक्षणं लगेच दिसत नाहीत. दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते, कुत्रं मान टाकून बसतं. तोवर रविवारचा रस्सा कुणाच्या लक्षातही राहिलेला नसतो.

म्हणून शेंगाचटणी लावलेली भाकरी बंद, कारण त्या चटणीत शेंगदाण्यांखालोखाल लसूणच. रश्श्यात बुडवलेली पोळी बंद. शिजवलेली हाडं बंद. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार फुटतं. ते घशात, आतड्यात रुततं.

द्राक्षं आणि मनुके यांच्याबद्दल आक्काला खरंच धक्का बसला. नान्नजची द्राक्षं आपल्या जिल्ह्याची शान, आणि प्रसादाचे मनुके मुलं सहज कुत्र्यापुढे टाकतात. त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती मनुक्यांपर्यंत धोका नाही याचा भरवशाचा आकडा नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशु-विषबाधा तज्ज्ञांनी त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. ते आम्ल चिंचेतही भरपूर असतं, म्हणून चिंच-गुळाची आमटीही मी वर्ज्य यादीत घातली. चॉकलेट, तसंच साखरेऐवजी झायलिटॉल हा गोड पदार्थ घातलेली च्युइंगम-बिस्किटं यांच्याबद्दल मुलांना वेगळं बसवून सांगितलं.

आज भोगीची बाजरीची भाकरी केली. तिळाची, बिनमिठाची एक छोटी तिच्यासाठी बाजूला काढली. आक्काने स्वतः भरवली.

१८ जानेवारी, शनिवार

ताटाचा कच्चा आराखडा, एका दिवसाचा, सगळी वजनं कच्ची:

कोंबडीच्या तंगडीचं बिनहाडाचं, कातडी काढलेलं मांस ३०० ग्रॅम. कोंबडीची कलेजी २५ ग्रॅम. ज्वारीच्या कण्या १०० ग्रॅम. एक अंडं. लाल भोपळा १०० ग्रॅम. एक चमचा तेल. बेरीज ८८० कॅलरीच्या आसपास आणि प्रथिनं ८० ग्रॅमला टेकतात. दूध-भाकरीच्या जवळजवळ तिप्पट.

तंगडीच का, छातीचं का नाही? तंगडीत जस्त जास्त, चरबी थोडी जास्त, आणि तांबीला ती चवही आवडते. कलेजी २५ ग्रॅमच का? तिच्यात अ जीवनसत्त्व एवढं असतं की हौसेने रोज वाटीभर घातली तर ते शरीरात साठून हाडांना त्रास देतं. एवढ्याशा तुकड्यात दिवसाची गरज भागून वर उरतं.

ज्वारी मी मुद्दाम ठेवली. कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला धान्य कशाला, असं म्हणणारे बरेच भेटतात. २०१३ मध्ये उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. माणसाच्या शेजारी राहून, माणसाचं धान्य खाऊन तो तसा घडला. आमच्याकडची मालदांडी ज्वारी, मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली, तिच्या पोटाला परकी नाही. फक्त ती नीट शिजलेली हवी. कण्यांना चौपट पाणी, मंद आच, आणि दाणा बोटात धरला की मेणासारखा दबला पाहिजे.

१९ जानेवारी, रविवार

चिकन सेंटरवर सकाळी सात वाजता गेले. नंतर गर्दीत कुणी कातडी काढून देत नाही. दुकानदाराला कळलं की कुत्रीसाठी आहे, तर त्याने पंजे आणि माना फुकट देऊ केल्या. मी नको म्हटलं. हाडांचा वाटा कमी-जास्त झाला की सगळा हिशोब विस्कटतो.

आता या ताटातली सगळ्यात मोठी उणीव. मांसात आणि धान्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. वरच्या ताटात फॉस्फरस १ ग्रॅमच्या जवळ, कॅल्शियम ०.१ ग्रॅमच्या थोडं वर. हे प्रमाण उलटं हवं: कॅल्शियम फॉस्फरसइतकं तरी, शक्यतो सव्वापट. रोज असं उलटं ताट मिळालं की शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडांतून काढून घेतं. बाहेरून कुत्रं धष्टपुष्ट दिसतं आणि आत हाडं पोकळ होत जातात.

उपाय घरातच आहे: अंड्याची टरफलं. आठवडाभर साठवलेली टरफलं धुतली, पाण्यात दहा मिनिटं उकळली, ताटात पसरून कोरडी केली आणि ओव्हनमध्ये खडखडीत भाजली. मिक्सरमध्ये फिरवल्यावर पहिल्यांदा रवाळ चुरा झाला. तो बोटांत चोळला की टोचत होता, म्हणजे आतड्यालाही टोचणार. पुन्हा फिरवला, मग जुन्या मलमलच्या ओढणीतून वस्त्रगाळ केला. खाली उतरलेली पूड टाल्कम पावडरइतकी मऊ. गाळून राहिलेला रवा परत मिक्सरला. टरफल म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे १ ग्रॅम पुडीत ३८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं. तांबीला रोज ३ ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा चमचा. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा ऑनलाइन मागवलाय. तोच आता ओट्यावर राहील.

२५ जानेवारी

बदल सुरू. पाव ताट नवं, पाऊण जुनं. दर दोन-तीन दिवसांनी नवं वाढवत न्यायचं. एकदम बदललं तर ढाळ लागायची भीती.

२ फेब्रुवारी

पूर्ण ताट नवं. शी घट्ट, पूर्वीपेक्षा कमी आणि वास कमी. मधे एक दिवस सैल झाली होती, त्या दिवशी भोपळा तसाच ठेवून तेल बंद केलं. ताटली चाटून पुसून साफ.

९ फेब्रुवारी, रविवार

मामा हुरड्याचं बोलावणं घेऊन आले. तांबीचं ताट बघून म्हणाले, "आमच्या रानातल्या कुत्र्यांनी जन्मभर भाकरीच खाल्ली. काय झालं त्यांना?"

मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "मामा, ती नुसती भाकरी खात होती का?" त्यांनी स्वतःच आठवून सांगितलं. शेळी व्याली की वार कुत्र्याची. ज्वारीची कणसं खुडताना उंदीर कुत्र्याचे. सशामागे पळायची. जत्रेत बोकड पडला की आतडी-कातडी त्यांची. भाकरी आपण दिलेली, बाकीचं त्यांनी कमावलेलं. शहरातल्या गॅलरीत बांधलेल्या कुत्रीला कमवायला काही नाही. तिला मिळतं ते फक्त आपल्या हातचं. मग त्या हातात सगळं असायला नको का? मामा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हे बरोबर आहे बघ." जाताना सायलेजचा मका देऊ का म्हणाले. तो नको म्हटलं, पण शेतातली कोंबडीची अंडी मात्र ठेवून घेतली.

१६ फेब्रुवारी

आजचा दिवस वहीसाठी महत्त्वाचा. कॅलरी, प्रथिनं, कॅल्शियम जमलं, म्हणजे ताट पूर्ण झालं असं वाटायला लागतं. मग बाकीचे रकाने भरले. जस्त हवं १८ मिलिग्रॅम, मिळतं ८-९. त्यातलंही काही ज्वारीतलं फायटेट नावाचं संयुग अडवून धरतं, अंगी लागू देत नाही. ई आणि ड जीवनसत्त्व अपुरं. आयोडीन जवळजवळ शून्य, कारण मीठच घालत नाही.

आयोडीनचं मीठ घालू, असं आई म्हणाली. हिशोब केला. दुकानातल्या मिठात आयोडीन किमान १५ पीपीएम असावं असा नियम आहे, म्हणजे १ ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम. तांबीला रोज हवं २२० मायक्रोग्रॅम. म्हणजे १५ ग्रॅम मीठ, तीन चमचे! ते शक्यच नाही.

२०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या होत्या. ९५ टक्के पाककृतींत एक तरी आवश्यक घटक कमी भरला. माझा आराखडा आजपर्यंत त्याच ९५ मध्ये बसतो. म्हणून वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एकेक रकाना वाचला आणि घरच्या अन्नात घालायची खनिज-जीवनसत्त्वांची पूड वजनानुसार लिहून दिली. तिच्यातलं कॅल्शियम धरून टरफलाची पूड ३ वरून २ ग्रॅम केली. माणसांच्या गोळ्या फोडून घालायच्या नाहीत, हेही बजावलं. ड जीवनसत्त्व जास्त झालं तर कुत्र्याला ते विषासारखं भिनतं.

हे घरात सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. घरचं आणि ताजं असणं फार मोलाचं आहे, मलाही ते हवंय. पण तेवढ्यावर जस्त आणि आयोडीन भरून निघत नाही.

२ मार्च, रविवार

खाऊचा दिवस. कल्पना आपल्या कडक भाकरीवरून सुचली. सोलापूरची कडक भाकरी महिनोन्महिने टिकते, कारण तिच्यात पाण्याचा अंश राहतच नाही. हाच गुण कुत्र्याच्या बिस्किटाला हवा.

ज्वारीचं पीठ २०० ग्रॅम, उकडून वाटलेली कलेजी ५० ग्रॅम, दोन चमचे भोपळ्याचा गर. मीठ नाही, गूळ नाही. ज्वारीला चिकटपणा नसतो, म्हणून पाण्याला आधण आणून पिठाची उकड काढली आणि गरम असतानाच कलेजीचा गोळा घालून परातीत मळली. आईने हातात घेतलं आणि पहिल्या थापटण्यातच सांगितलं, "पाणी जास्त झालंय, कोरडं पीठ लाव." पातळ भाकरी थापून तव्यावर टाकली, वरची बाजू सुकायच्या आत सुरीने चौकटी पाडल्या. मग आच अगदी बारीक करून फडक्याने दाबत राहायचं. कडा आधी उचलल्या जातात, मधला भाग शेवटपर्यंत मऊ राहतो. त्यामुळे फडकं मधे जास्त वेळ. कलेजीचा वास सुटला तशी तांबी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली, कान मागे, नजर तव्यावर.

तव्यावर पुरती कोरडी होत नाही. म्हणून चौकटी सोडवून ओव्हनमध्ये १०० अंशांवर ठेवल्या, तुकडा मोडताना स्वच्छ 'कट्' आवाज येईपर्यंत. वाकतो तो तुकडा परत आत. उन्हात वाळवायचा मोह होतो, मार्चचं ऊन तसं कडक आहे, पण मांस घातलेलं पीठ कोमट उन्हात ठेवणं म्हणजे जंतूंना आमंत्रण. कलेजी असल्यामुळे बरणी फ्रीजमध्येच.

शेंगदाण्याचाही एक घाणा करायचा विचार आहे. साधे भाजलेले, मिठाशिवायचे, थोडे दाणे चालतात. पण दाणे आपण स्वतःसाठी निवडतो त्याहून कडक निवडायचे. काळपट, सुरकुतलेला, कुबट वासाचा एकही नको. शेंगदाण्यावरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याच्या यकृतावर फार लवकर आघात करतं.

९ मार्च

एका घाण्यात साधारण शंभर चौकटी आणि ७५० च्या वर कॅलरी. म्हणजे चौकटीला ७-८. खाऊ दिवसाच्या कॅलरीच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवायचा, म्हणजे तांबीला दहा चौकटी. घरात पाच माणसं, प्रत्येकाच्या हातून दोन. सकाळी डबीत दहा मोजून ठेवते. डबी रिकामी की खाऊ संपला.

२३ मार्च, रविवार

कॉलनीतल्या एका घरात चार महिन्यांचं मोठ्या जातीचं पिल्लू आणलंय. त्या काकूंनी माझ्याकडून पाककृती मागितली. बघायला गेले तर पिल्लाचे पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले आणि उठताना कण्हत होतं. दोन महिने नुसतं उकडलेलं चिकन आणि भात चाललाय. प्रेमाने, सकाळ-संध्याकाळ, ताजं करून.

काकूंना पाककृती दिली नाही. सांगितलं, "काकू, हे ताट मोठ्या कुत्रीचं आहे, पिल्लाचं गणित वेगळं. आज दवाखान्यात चला, मी येते." वाढत्या हाडाला कॅल्शियम कमी पडलं तर ते वाकतं, आणि मोठ्या जातीच्या पिल्लाला घाबरून जास्त घातलं तरी सांगाडा बिघडतो. त्यामुळे अंदाजाने पूड टाकायची सोय नाही. एक्स-रे झाला, डॉक्टरांनी पिल्लांचं पूर्ण आहाराचं पाकीटच सुरू करायला सांगितलं आणि उड्या मारू द्यायच्या नाहीत असं बजावलं. काकू रिक्षात रडत होत्या. पिल्लू लहान आहे, वेळेत कळलंय, सुधारायला वाव आहे असं डॉक्टर म्हणालेत.

तेव्हापासून पाककृती मागणाऱ्याला आधी तीन प्रश्न: वय किती, वजन किती, मूत्रपिंड-स्वादुपिंडाचं काही दुखणं आहे का?

१३ एप्रिल, रविवार

पारा चाळिशीपार. दुपारी तांबी अन्नाकडे बघतही नाही. जेवण पहाटे फिरून आल्यावर आणि रात्री नऊनंतर. उरलेलं अर्ध्या तासात उचलायचं, या हवेत शिजलेलं मांस पटकन खराब होतं. तीन दिवसांचं शिजवून दोन दिवसांचं फ्रीजरमध्ये. ओव्हनचा घाणा पहाटेच.

थंड खाऊ म्हणून बिया काढलेलं कलिंगड आणि दही घुसळून बर्फाच्या साच्यात गोठवलं. ताकही देते, मीठ-जिऱ्याशिवाय, पाणी जास्त घालून. नळाला रोज पाणी येत नाही, तरी तिची वाटी दिवसातून तीनदा विसळून भरायची, ही जबाबदारी धाकट्याने घेतलीय.

४ मे, रविवार

काल तपासणी झाली. वजन १७ किलो. डॉक्टरांनी दोन्ही मांड्या दाबून पाहिल्या. वाढलेलं मांस आहे, चरबी नाही. शेवटच्या दोन बरगड्या दिसतात, तेवढ्या कारवानीला दिसायलाच हव्यात. पाठीवरचे केस बसलेत, शेपटीकडचे अजून राठ. रक्तात हिमोग्लोबिन, यकृत, मूत्रपिंड सगळं ठीक.

वजन १७ वरच धरायचं ठरलं, त्यामुळे वाढ आता नको. उन्हाळ्यात फिरणंही कमी झालंय. उद्यापासून कण्या १०० वरून ८० ग्रॅम, मांस तेवढंच, पूड तेवढीच. महिन्यातून एकदा दोन दिवस कोंबडीऐवजी मासळी द्यायची, काटे पूर्ण काढून; बाजारात कोणती ताजी मिळते ते बुधवारी बघून येणार. पुढची रक्ततपासणी नोव्हेंबरमध्ये.